चावडीवरचे कोरडे तांदूळ

१

कोकिळेच्या तोंडातले तांदूळ काही केल्या भिजेनात.

वैशाखाचं ऊन, दुपार कलती झालेली, अन् पिंपळगाव राजाच्या चावडीवर सारं गाव गोळा झालेलं. भगवानराव पाटलानं मारुतीपुढं ठेवलेले चिमूट चिमूट तांदूळ तिघाईच्या हातावर टाकले होते. रीत अशी, का ज्याच्यावर संशय त्यानं तांदूळ चावायचे, अन् कोतवालानं शंभर मोजले का पळसाच्या पानावर थुकायचे. मन साफ असंन तं तोंडाले पाणी सुटते, तांदूळ ओले निघतात. पापी माणसाचं तोंड भेवानं सुकते, अन् तांदूळ कोरडेच भुरभुर खाली पडतात.

कोकिळा चावत होती. जीभ जोड्याच्या तळासारखी झालती. छातीत धडधड अशी, का बाजूच्याले ऐकू जाईन. पानावरची शीर पाहाले गेली तं पान पुसट दिसे. तिनं मनात म्हणलं, देवा, मी तं काही केलं नाही, मंग तू माहं तोंड काऊन सुकवून राह्यला?

"शंभर," कोतवाल म्हणला.

पयले थुकला निवृत्ती, कोकिळेचा दीर. पेजेसारखे ओले. मंग सोजराबाई थुकली, दातातले किडे काढणारी म्हातारी. तिच्या तोंडातून भुगा उडाला. मंग कोकिळा. तिचाबी भुगाच.



तिचा नवरा उकंडराव घरी खाटेले बांधून ठेवला होता. दुपारपासून तो बरळत होता. अंग भट्टीसारखं, दातखिळी बसलेली. अन् निवृत्तीनं धोतराच्या सोग्यातून अर्धा लाडू काढून पाटलापुढं ठेवला.

"भावाच्या उशाखाली भेटला. वैनीच्या हातचा हाय. फोडून पाहा, आत धोतऱ्याचं बी हाय. सकाळी दाढेले धूर दिला तवा भावाचं डोकं माह्या मांडीवर होतं, धूर सरेस्तोवर. तवर भाऊ चांगला होता. मंग हिनं लाडू चारला असंन."

पाटलानं लाडू फोडला. चपटं पिवळं बी दिसलं.

"दोघीईनं मिळून केलं," पाटील म्हणला. "एकीनं इख देल्लं, दुसरीनं धुराचं सोंग केलं. उद्या खामगावचा फौजदार येईन." मंग त्यानं कोकिळेकडं पाह्यलं, अन् आवाज खाली आणला. "अन् उकंड्या तवर गेला, तं बाई, तुह्या गळ्याले दोर हाय."

२

चावडीच्या बाजूच्या खोलीत दोघीईले कोंडलं. खिडकी एकच, तिलेबी गज.

सोजराबाई कोपऱ्यात बसून हवेतून काहीतरी खुडून राह्यली होती. "म्हैस बाहीर काढ वो," ती म्हणे, "किती जागा खाऊन राह्यली."

खोलीत म्हैस नव्हती. कोकिळेनं डोळे चोळले. आपुनबी अशाच होऊन राह्यलो का काय? तिनं हाताच्या रेघा पाह्यल्या, त्याबी धुरकट. तिले वाटलं, मनातल्या मनात कवातरी नवऱ्याच्या मरणाचा इचार आला असंन, अन् देवानं तो ऐकला असंन. भेव असं असते बाप्पा, का ज्यानं केलं नाही त्यालेबी आपल्यावर भरोसा उरत नाही.

खिडकीपुढं सावली पडली. मार्तंडराव डाक्टर. नागपूरले शिकलेला माणूस. पटकीची लस टोचाले आलता अन् शाळेत मुक्काम ठोकून होता. दोन दिसांत अर्ध्या गावाच्या दंडात त्यानं सुया घातल्या होत्या, म्हणून अर्धं गाव त्याच्यावर चिडून होतं. पाटलानं त्याले विषाचा कागद लिहाले बोलावलं होतं.

"बाई, तोंड कधीपासून कोरडं आहे?" त्यानं गजातून विचारलं.

"सकाळपासून."

"भीतीनं?"

"भेव तं दुपारून आलं डाक्टरसायेब. कोरड त्याच्या आंधीपासून. घागरभर पाणी प्याली."

"दिसतं कसं?"

"दूरचं दिसते. जवळचं पुसट. सकाळी त्याईची बंडी शिवाले बसली तं सुईत दोरा जाईना."

डाक्टर नाकातल्या नाकात हुंकारला. मंग म्हातारीले म्हणे, "आजी, किडे कसे काढता, सांगा बरं."

आपल्या कामाचं विचारलं तशी सोजराबाई जराशी जाग्यावर आली. "तापल्या खापरीवर काटेरी रिंगणीचं बी टाकावं, वरून तुपाचा थेंब. धूर उठला का एरंडाची पोकळ दांडी लावून दाढेपाशी सोडावा. डोये बांधून ठेवावे, धूर लागू नये म्हणून. किडे पटापट पडतात."

"बी तुमचं?"

"माहं कसं चालीन? ज्याची दाढ त्याच्याच वावराच्या धुऱ्यावरचं बी लागते, अन् रक्ताच्या माणसानं आणलेलं. तवाच गुण येते. निवृत्तीनं पुडी आणली."

"तुम्ही पाहिलं ते बी?"

"माहे डोये गेले धुरानं, वीस वर्सं झाली. हातानं चाचपलं. रिंगणीसारखंच लागलं."

"आणि निवृत्ती कुठं होता?"

"होता ना. तीन निवृत्ती होते. एक म्हशीवर बसला होता."

"तीन निवृत्ती कोर्टात चालायचे नाहीत आजी," डाक्टर म्हणला, अन् कोकिळेकडं वळला.

"भावजी दाराबाहीर होते," कोकिळा म्हणली. "दार त्याईनंच लोटून घेतलं. 'भाऊ, मी हाय' असं बाहीरूनच म्हणत होते. डोकं माह्या मांडीवर होतं."

"कोणी पाहिलं?"

कोणीच पाह्यलं नव्हतं. एकाचे डोळे बांधलेले, दुसरीचे गेलेले. 

"चला," डाक्टर म्हणला. "रोगी पाहू. तुम्हीही चला."

तेवढ्यात गल्लीतून कोतवाल पळत आला. उकंडरावाचा श्वास शिटीसारखा वाजून राह्यला होता.

३

उकंडराव बाजीवर बांधलेला. अंग लालबुंद, घामाचा टिपूस नाही. बोटं हवेतले धागे वेचत होती. डोळे सताड, बुबुळात काळंच काळं. जबड्याभवती शेला गुंडाळला होता, चार दिसांपासून.

डाक्टरनं शेला सोडला. कानाखालून गळ्यापर्यंत सूज, हाताले लाकडासारखी. त्यानं करंगळी दातात घालून पाह्यली. नखापुरतीच गेली.

"हे कधीपासून?"

"चार रोज झाले," कोकिळा म्हणली. "पयले अक्कलदाढ ठणकली. मंग तोंड थोडं थोडं मिटत गेलं. कालपासून गाल बोटानं ताणून पेजेचा थेंब थेंब घालून राह्यली."

"इखानं दातखिळी बसते डाक्टर," पाटील मधातच म्हणला.

डाक्टरनं पाटलाजवळचा अर्धा लाडू मागितला. रोग्याच्या ओठापाशी धरून पाह्यला, फडक्यात गुंडाळला, खिशात घातला. 

"पाटील, याला दोन दुखणी आहेत. विष आजचं. ते उतरेल, दोन-तीन दिवस बरळेल अन् उतरेल. दाढ चार दिवसांची आहे. शेवटच्या दाढेला उगवायला जागा मिळाली नाही, ती आडवी पडून पुढच्या दाढेला डोकं लावून बसली. तिच्यावर हिरडीची खोळ. त्या खोळीत अन्न सडलं, पू झाला, तो जबड्याच्या स्नायूत शिरला, म्हणून तोंड मिटलं. आता पू गळ्याकडं उतरतोय. ही शिटी त्याचीच. दिवस मावळायच्या आत कापलं नाही तर श्वास कोंडून जाईल."

"नाही," निवृत्ती दारातून म्हणला. "माह्या भावाच्या गळ्याले सुरी लावू देणार नाही मी. कोणाच्या घरचा बकरा हाय का तो?"

मागं उभी असलेली माणसं माना हलवू लागली. खरंच हाय म्हणे, गळा कापून कोणी वाचलं का?

"मरूही शकतो," डाक्टर म्हणला. "खोटं सांगत नाही. बायकोनं अंगठा दिला तर कापतो."

पाटील कोकिळेजवळ आला. माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. "पोरी, नीट पाह्य. आता गेला तं इखानं गेला म्हणतीन. कापून गेला तं म्हणतीन, इखानं मरत नव्हता म्हणून हिनं कापाले लावला. दोन्हीकून तूच."

कोकिळेनं नवऱ्याकडं पाह्यलं. श्वास आत जातानी गळ्याशी खड्डा पडे.  कापू नका म्हणलं तं निदान फौजदारापुढं सांगता येईन, का मी हात लावला नाही. तो खड्डा पुन्हा पडला, अन् यावेळी भराले लई वेळ लागला.

"कागद द्या," ती म्हणली.

तिनं शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला. डाक्टरनं कागद घडी करून खिशात घातला.

४

शाळेत मास्तराचं टेबल खिडकीपाशी ओढलं. उकंडरावाले त्याच्यावर निजवून छातीवरून, पायावरून धोतर आवळलं.

"क्लोरोफार्म देत नाही," डाक्टर म्हणला. "विषानं काळीज आधीच घोड्यासारखं पळतंय. कातडी तेवढी सुन्न करतो. डोकं कोण धरतं?"

कोणी पुढं येईना. निवृत्ती तं शाळेतच आला नव्हता, बाहीर लिंबाखाली बसून होता. कोकिळेनंच धरलं. ज्या हातानं सकाळी धरलं त्याच हातानं.

"जबड्याच्या हाडाखाली दोन बोटं सोडून कापतो. वर कापलं तर तोंड वाकडं होईल. डोकं हललं तर गळ्याची शीर आहे. समजलं?"

समजलं. समजलं नसतं तं बरं झालं असतं.

चाकू टेकला. उकंडराव गुरासारखा आत घुमला, कारण तोंड उघडत नव्हतं. कोकिळेनं डोळे मिटले नाही. मिटले तं डोकं सुटंन असं तिले वाटलं. रक्त आलं, थोडंच. डाक्टरनं चिमटा आत घातला, हाडाच्या कडेनं सरकवत नेला, अन् आत त्याची चोच उघडली.

काहीच आलं नाही.

डाक्टरच्या कपाळावरून घाम नाकावर आला. त्यानं चिमटा मिटून बाहीर काढला, जरा मागं वळवून पुन्हा घातला.

अन् मंग शिटी थांबली. श्वासच थांबला. कोकिळेच्या हातात डोकं जड झालं. गेले, तिच्या मनानं घेतलं. माह्या अंगठ्यानं गेले.

तवाच चिमट्याच्या कडेनं पिवळा पू भसकन आला, पितळीत पडला, अन् सडक्या वासानं दारातली माणसं मागं सरली. उकंडरावाची छाती वर आली. एक मोठा, ओला, घरघरता श्वास. मंग दुसरा. शिटी नव्हती.

डाक्टरनं जखमेत रबराची नळी ठेवली, पट्टी बांधली, अन् हात धूत म्हणला, "पाटील, आता तांदूळ चावलेल्या तिघांना खिडकीत आणा. ऊन आहे तोवर."

५

खिडकीतून तिरपं ऊन शाळेत येत होतं. डाक्टरनं दाढी करायचा आरसा काढला, अन् तिरीप एकेकाच्या डोळ्यात मारली.

सोजराबाईची नजर गेलेली, पण बुबुळाचं काळं पार काठापर्यंत फाकलेलं. ऊन पडलं तरी आवळेना. कोकिळेचंही तसंच, थोडं कमी. तिनं डोळ्याले पदर लावला, ऊन सुईसारखं टोचत होतं.

निवृत्तीच्या डोळ्यात तिरीप पडली तसं काळं आवळून मोहरीएवढं झालं.

"आता सांगा निवृत्ती," डाक्टर म्हणला, "धूर दिला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"सांगतलं ना एकडाव. भावाचं डोकं माह्या मांडीवर होतं. धूर सरेस्तोवर."

"खोली बंद?"

"बंद."

"भावाचं तोंड किती उघडत होतं?"

"उघडत होतं ना. नाहीतं लाडू कसा खाल्ला असता?"

डाक्टरनं खिशातून फडकं काढलं. "पाटील, या तोंडात माझ्या करंगळीचं नख जात नाही. यात लाडू कसा गेला? ज्यानं तासभर ते डोकं मांडीवर धरलं त्याला कळलं असतं, की तोंड मिटलेलं आहे. शेल्यावरून कळत नाही. बाहेरच्याला कळत नाही. लाडू ज्यानं ठेवला त्याला ते माहीत नव्हतं."

पाटलाच्या कपाळाले आठी पडली.

"विष पोटातून गेलं नाही, धुरातून गेलं. खापरीवर रिंगणीच्या बियांत धोतऱ्याचं बी मिसळलेलं होतं. त्याचा धूर ज्यानं घेतला त्याचं बुबुळ फाकतं, जवळचं दिसत नाही, आणि तोंड कोरडं पडतं. पाणी प्यालं तरी कोरडं. खोलीत होत्या त्या दोघींचे तांदूळ कोरडे निघाले. यांचे ओले निघाले. पाटील, तुमच्या तांदळानं खोटं काही सांगितलं नाही. खोलीत कोण होतं ते सांगितलं, अन् कोण नव्हतं तेही."



"पण बी हिनं बदललं असंन तं?" पाटलानं विचारलं. तो आता खरंच विचारत होता.

"बदललं असतं तर ती आपल्याच विषात तासभर बसली असती का? धूर विषारी आहे हे ज्याला माहीत होतं, तो दाराबाहेर राहिला."

कारण काय, ते पाटलालेच ठाऊक होतं. येत्या अक्षय तृतीयेले उकंडराव कोकिळेच्या भावाचं लेकरू दत्तक घेणार होता. दत्तक झालं का निवृत्तीच्या वाट्याले अर्धंच शिवार उरे, सारं नाही. भाऊ मेला अन् वैनी फासावर गेली, तं सारंच त्याचं.

"निवृत्ती," पाटील म्हणला, "तू बाहीर होता का बे?"

निवृत्तीच्या तोंडावरचा रंग उडाला, पण तो हसला. 

"डाक्टरच्या आरशावर मले फाशी देता का? भावाले सुद्धीवर येऊ द्या. त्यालेच विचारा कोणाच्या मांडीवर डोकं होतं. तो सांगीन ते मले कबूल."

६

चवथ्या दिवशी खामगावच्या दवाखान्यात उकंडराव सुद्धीवर होता. बैलांच्या रेंगीत घालून आणला होता त्याले. सूज उतरली, तोंड दोन बोटं उघडे. पेज गिळे, दोन शब्द बोले.

फौजदार कागद घेऊन बाजीपाशी बसला. त्यानं डाक्टरले सांगतलं, का कोणी काही सुचवायचं नाही. निवृत्ती शिपायासंग बाहीर व्हरांड्यात होता. कोकिळा भिताडाशी उभी. चार दिसांत तिचे डोळे सुधरले होते, अन् आता सारं लई स्वच्छ दिसून राह्यलं होतं, फौजदाराच्या टाकाचं टोकसुद्धा.

"धुराच्या वेळी डोकं कोणाच्या मांडीवर होतं?"

उकंडरावानं आठवून पाह्यलं. "डोळे बांधले होते माहे. निवृत्तीचा आवाज आला. 'भाऊ, मी हाय' म्हणे. लहानपणापासून दुखण्यात तोच बसते माह्याजवळ." जबडा दुखला तसा तो थांबला. "निवृत्तीच असंन."

टाक कागदावर कुरकुरला. एक ओळ झाली. कोकिळेले वाटलं, ओरडून सांगावं. पण सांगतलं तं तेच तिच्या अंगलट आलं असतं. तिनं पाठीमागं भिताड धरलं.

"आणखी काही?"

"नाही." मंग उकंडरावाचा हात आपोआप कानामागं गेला. तथी एक खपली होती. तो ती चाचपत राह्यला. "थांबा. धूर नरड्यात गेला तवा मी हात झटकला. काहीतरी फुटलं. काच रुतली इथं."

डाक्टर पुढं झाला.

"बांगडी फुटली," उकंडराव म्हणला. "ज्याच्या हातात डोकं होतं त्याची."

त्यानं मान हळूच वळवली, जितकी वळे तितकी, अन् कोकिळेच्या डाव्या मनगटातल्या नव्या बांगड्यांकडं पाह्यलं. मंग लई वेळ तिच्या तोंडाकडं. सुद्धीवर आल्यापासून घरातली माणसं त्याच्याशी काऊन बोलत नव्हती, ते त्याले तवा समजलं असंन.

"आंधीचं खोडा," तो म्हणला. "लिहा, बायको होती."

"आणि भाऊ?"

व्हरांड्यातून निवृत्तीची खाकर ऐकू आली. उकंडरावानं डोळे मिटले.  

"आवाज दारापल्याडून आलता. तो बाहीर होता," उकंडराव म्हणला. "लिहा."

फौजदारानं लिहलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला, अन् बाहीर गेला. शिपायाचे जोडे व्हरांड्यातून वाजत गेले. उकंडराव भिताडाकडं तोंड करून पडला. त्याचे खांदे हलत होते. कोकिळेनं त्याले तसंच राहू देल्लं.

बऱ्याच वेळानं डाक्टर आला. "आता दाढ. उद्या काढतो. हिरडी कापावी लागेल, छिन्नीनं दाढेचे दोन तुकडे करावे लागतील. सुन्न करून करतो, पण आवाज डोक्यात वाजेल. ती तिथं राहिली तर पुन्हा हेच."

छिन्नी म्हणल्याबरोबर उकंडरावाचा चेहरा लहान लेकरासारखा झाला. "डोकं कोण धरीन?" त्यानं विचारलं.

कोकिळा पेजेची वाटी घेऊन बाजीवर टेकली.

"मी धरीन," ती म्हणली. "पण हात झटकू नोका. बांगड्या नव्या हायेत."